तांबडा रस्सा, पांढरा रस्सा: फोटो मोबाईलनं की कॅमेऱ्यानं?

भाच्याचा पुण्याहून मेसेज आला : "मामा, बोनस आलाय. कॅमेरा घेऊ का चांगला फोन?"

हा मुलगा महिन्यातून दोनदा कोल्हापूरला घरी येतो आणि दीड दिवसात गाव खाऊन टाकतो. सकाळी मिसळ, दुपारी मटणाचं ताट, संध्याकाळी खासबागेजवळ भेळ, रात्री गंगावेशीत दूध. पूर्वी नुसता खायचा, आता फोटोही काढतो. त्यामुळे चांगला कॅमेरा कुठला, हा त्याचा प्रश्नच नाही. स्टीलच्या ताटातला लालभडक रस्सा, तोही ट्यूबलाईटखाली, पुढचा गिऱ्हाईक जागेसाठी डोक्यावर उभा असताना कशानं टिपायचा, हे त्याला ठरवायचंय.

माझ्याकडे दोन्ही आहेत. तीन वर्षं जुना पन्नास मेगापिक्सेलचा फोन, आणि त्याहून बराच जुना डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा कॅमेरा. त्याचा उजेड टिपणारा सेन्सर फोनपेक्षा बराच मोठा, पण सगळ्यात मोठ्या कॅमेऱ्यांपेक्षा लहान (क्रॉप सेन्सर). त्याला ५० मिमी एफ/१.८ ची लेन्स, शिवाय कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ ची झूम. मिमीचा आकडा मोठा तेवढी लेन्स दृश्य जवळ आणते; एफचा आकडा लहान तेवढी ती जास्त उघडते आणि उजेड आत घेते. चार रविवार दोन्ही घेऊन त्याच त्या टेबलांवर बसलो. घरच्यांनी मला त्या महिन्यात हिशेबातून वगळलं होतं.

मिसळ

फडतरे असो, बावड्याची असो की तुमच्या पेठेतली नाव नसलेली, मिसळीचं घड्याळ सारखंच चालतं. कट ओतला की शेव-फरसाण मिनिटा-दोन मिनिटांत मऊ पडायला लागतं. आपल्याकडे मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड येतो, तोही वाफेनं लगेच मरगळतो. फोटो काढायचा तो एवढ्या वेळात.

इथं मोबाईल जिंकतो. तो झटपट निघतो हे एक कारण, पण खरं कारण दुसरं आहे आणि कॅमेऱ्याचं दुकान ते सांगत नाही. मोठ्या सेन्सरला अंधारातही चांगला फोटो येतो हे खरं. पण माझ्या कॅमेऱ्यावर ५० मिमी लेन्स एफ/१.८ वर उघडून अर्ध्या मीटरवरच्या मिसळीवर रोखली, तर जेमतेम सहा-सात मिलिमीटर खोलीचा पट्टा स्पष्ट येतो. म्हणजे शेवेच्या दोन काड्या. मागची कांदा-कोथिंबीर, कटाची वाटी, लिंबाची फोड सगळं धुक्यात. डिशचा जास्त भाग स्पष्ट हवा म्हणून एफ/५.६ केलं, की आत येणारा उजेड जवळपास दहावा भाग उरतो. जिथं आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ८०० वर भागत होतं तिथं आठ हजारांवर जावं लागतं, आणि जुन्या कॅमेऱ्याचा आठ हजारांवरचा फोटो म्हणजे मिसळीवर रवा भुरभुरल्यासारखा. फोनचा सेन्सर नखाएवढा, त्यामुळे लेन्स पूर्ण उघडी असूनही अख्खी डिश स्पष्ट येते. उजेड कमी आणि पदार्थ जवळ, या दोन अटी एकदम आल्या की मोठ्या सेन्सरचा तोरा उतरतो.

फोन मार खातो तो लाल रंगात. कट मुळात लाल, फोन त्याला आणखी लाल करतो, आणि वरची तर्री व खालचा रस्सा मिळून प्लास्टिकचा एकच गोळा दिसतो. उपाय साधा आहे : तर्रीवर जिथं उजेड चमकतोय तिथं बोट टेकवा आणि एक्स्पोजर (फोटोतला उजेड) थोडं खाली ओढा. कॅमेऱ्यात रॉ फाईल (प्रक्रिया न केलेला मूळ फोटो) घेतली तर तेलाचा थर आणि रस्सा नंतरही वेगळे काढता येतात. तेवढा एक गुण कॅमेऱ्याला.

मटणाचं ताट

ताटाचा फोटो वरून काढायचा असतो. तांबडा, पांढरा, सुकं, खिमा, भाकरी, कांदा-लिंबू : हा नकाशा आहे, तो तिरका बघून कळत नाही.

आता गणित बघा. साधारण ३५ सेंटिमीटरचं ताट. माझ्या कॅमेऱ्यावर ५० मिमी लेन्स असेल, तर अख्खं ताट चौकटीत बसायला कॅमेरा ताटापासून सव्वा मीटरवर हवा. टेबल पाऊण मीटर उंच. म्हणजे कॅमेरा जमिनीपासून दोन मीटरवर. म्हणजे बाकावर चढा. मी चढलो आहे. एकदाच. शेजारच्या टेबलावरचे आजोबा म्हणाले, "पंखा दुरुस्त करालायसा व्हय?"

१८-५५ लावली तर बसल्याजागी जमतं, पण ती लेन्स उजेडाला कंजूष. ३५ मिमी एफ/१.८ असेल तर ऐंशी-नव्वद सेंटिमीटरवरून भागतं. उभं राहिलं की काम होतं. भाच्याला कॅमेरा घ्यायचाच असेल तर माझ्यासारखी ५० न घेता ३५ घ्यावी, हे मी त्याला पहिल्याच फोनवर सांगितलं. ५० स्वस्त मिळते म्हणून सगळे घेतात आणि मग हॉटेलच्या भिंतीला पाठ टेकवून उभे राहतात.

फोनला तीस-पस्तीस सेंटिमीटरवरूनही ताट मावतं, पण इतक्या जवळून कडेच्या वाट्या ताणल्यासारख्या दिसतात. फोन २x वर (दुप्पट झूम) ठेवून हात वर करा, साधारण दोन फुटांवर. पन्नास मेगापिक्सेलच्या फोनला तेवढ्यात काही तोटा होत नाही, सेन्सरचा मधला भाग कापूनही बारा मेगापिक्सेलचा फोटो उरतो आणि ताट गोल दिसतं.

पांढरा आणि तांबडा शेजारी असतात, हा दोघांचाही घात. तांबड्याकडे बघून उजेड ठरवला तर पांढऱ्याचा चुना होतो. नेहमी पांढऱ्याकडे बघून ठरवावा. रंगाचंही तेच. जुन्या ट्यूबखाली पांढरा रस्सा हिरवट दिसतो, आणि त्यात खोबरं, काजू, खसखस असल्यानं तो मुळातही शुभ्र नसतो, किंचित पिवळसर असतो. त्यामुळे व्हाइट बॅलन्सला (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून करायची रंगाची जुळणी) रस्सा धरू नका, ताटातलं मीठ धरा. ते खरंच पांढरं असतं. हा मीठाचा कानमंत्र मला एका लग्नाच्या फोटोग्राफरनं दिला.

स्टीलच्या ताटात तुमचा काळा कॅमेरा आणि त्यामागचा चेहरा दिसतो. फोनही दिसतो, पण लहान.

आणि आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो. कॅमेऱ्याचं बटण उजव्या हाताला असतं. आपण जेवतो उजव्या हातानं. एकदा भाकरी मोडून रश्श्यात बुडवली की कॅमेरा जेवण संपेपर्यंत बाद. आता, न शिवलेल्या ताटाचे फोटो सगळ्यांकडे असतात आणि सगळे सारखेच असतात. मोडलेली भाकरी, अर्धी झालेली वाटी, हाडकाकडे वळलेली बोटं, यात जेवण दिसतं. तो फोटो डाव्या हातानं काढायचा असतो आणि तो फक्त फोनच काढू शकतो. फोनची लेन्स तेवढी आधी पुसा. कोल्हापुरातल्या निम्म्या फोटोंवर जी स्वप्नाळू झाक दिसते ती मटणाची चरबी असते.

एका खाणावळीत (नाव सांगत नाही, चूक माझीच होती) मी हा नियम मोडायला गेलो. मनगटानं कॅमेरा सावरताना गळ्यातला पट्टा पांढऱ्यात बुडाला. मालकांनी न बोलता दुसरी वाटी आणून ठेवली.

वाफ, चूल आणि माणसं

इथून पारडं फिरतं.

वाफ दिसायला मागून उजेड आणि पाठीमागे अंधार लागतो. दाराकडे तोंड करून बसलात तर उजेड मिळतो. पण फोन स्वतःहून अनेक फोटो एकत्र करून सावल्या उजळतो, त्यामुळे मागचा अंधार राखाडी होतो, आणि वाफ हलती असल्यानं पुसल्यासारखी होते. एक्स्पोजर बरंच खाली ओढलं तर थोडी हाती लागते. कॅमेऱ्यात पहिल्या फटक्यात येते.

भटारखान्यातही तसंच. चुलीपुढं भाकरी थापणाऱ्या मावशी, मागे जाळाचा उजेड, वर एक पिवळा बल्ब. माणूस दीड-दोन मीटरवर असतो, त्यामुळे एफ/१.८ चा पट्टा बराच रुंद होतो आणि चेहरा नीट स्पष्ट येतो. फोनचा पोर्ट्रेट मोड (माणूस स्पष्ट, मागचं धूसर) मात्र परातीची कड आणि मावशींच्या बांगड्या कुठं संपतात यात गोंधळतो. मी दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहिले. फोनचा फोटो कापून चिकटवल्यासारखा दिसतो.

संध्याकाळी गंगावेशीत तर फोन खिशातच ठेवावा. म्हैस दारात उभी, समोर धार काढली जातेय, पितळी-स्टीलच्या भांड्यात फेस चढतोय, रस्त्यावरचे दिवे नुकतेच लागलेत. पैलवानांच्या गावची ही धारोष्ण दुधाची सवय अजून टिकून आहे. सगळं हलतं, सगळं अर्ध्या अंधारात. तिथं कॅमेरा आणि उघडी लेन्स यांना पर्याय नाही. फ्लॅश मात्र कशाचाच मारू नये. म्हैस बिथरते, आणि गवळी त्याहून जास्त.

एक तांत्रिक गोष्ट जाता जाता : स्वस्त एलईडीखाली फोटोत आडवे पट्टे दिसतात, कारण आपली वीज ५० हर्ट्‌झची आणि दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. शटर उघडं राहण्याचा वेळ १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवला की पट्टे बहुतेक जातात. फोनच्या प्रो मोडमध्येही हे जमतं.

मालक काय म्हणतात

फोन काढला तर कुणी वळूनही बघत नाही. हा फायदा असं मी इतके दिवस समजत होतो. कॅमेरा काढला की मालक गल्ल्यावरून विचारतात, "पेपरातनं आलायसा काय?" नाही म्हटलं की, "मग कशाला एवढं?" आणि तिथून गप्पा सुरू. मसाला घरी कोण कुटतं, मटण कुठल्या दुकानातलं, वडिलांच्या वेळी बाकडी कुठं होती. चार रविवारांत आत चुलीपर्यंत तीनदा गेलो, तिन्ही वेळा गळ्यात कॅमेरा होता. कॅमेरा लपत नाही, म्हणून परवानगी मागावीच लागते, आणि मागितली की मिळते. फोनवाला न विचारता काढतो आणि त्याला तेवढंच मिळतं.

तोटाही आहे. कॅमेरा दिसला की ताटात सुक्याचे दोन तुकडे जास्त पडतात, कधी बिल घ्यायला नकार मिळतो. बिल द्यायचंच. नाहीतर पुढच्या वेळी रस्सा पातळ लागला तरी बोलता येत नाही.

शेजारच्या टेबलावरची माणसं चौकटीत नकोत, हे दोघांनाही लागू.

पैसे, आणि नंतरचं

जुना कॅमेरा आणि ३५ ची लेन्स घेतली तर जेवढे जातील, तेवढ्यात फोन एक पायरी वरचा येतो. पण भाच्याचा आत्ताचा फोन दोन वर्षांचा आहे. त्याहून एक पायरी वरच्या फोननं मिसळ दिसायला तेवढीच राहील. फोनवर पैसे घालणं हा या तीन पर्यायांतला सगळ्यात वाईट पर्याय, असं माझं मत. तिसरा पर्याय म्हणजे काहीच न घेणं.

नंतरच्या कामात मात्र फोन सरस. तारीख आणि जागा आपोआप नोंदली जाते. मी दरवेळी भिंतीवरच्या दरफलकाचा एक फोटो काढतो. वर्षांमागून वर्षांचे ते फोटो लावले की ताटापेक्षा तेच बघायला मजा येते. कॅमेऱ्यातले फोटो कार्डावर पडून राहतात. माझं पावसाळ्यातलं एक कार्ड अजून उघडलेलं नाही.

तर भाच्याला सांगितलं ते असं. तुला पदार्थ टिपायचे असतील तर आहे तो फोन पुरे : २x, एक्स्पोजर खाली, मिठाकडे बघून रंग, लेन्स पुसलेली. बोनस खाण्यात घाल. सहा महिन्यांनी तुझे फोटो चाळ. त्यात ताटांपेक्षा माणसं जास्त निघाली, चूल, गल्ला, म्हैस, वाढपी, आणि ते सगळे अंधारात हललेले असले, तर कॅमेरा घे. अर्थात मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांनी स्वतःचा कॅमेरा स्वतः घडवला ते हे गाव. इथं बसून कुणाला कॅमेरा घेऊ नको म्हणताना जीभ जरा अडखळतेच.

तो गेल्या शनिवारी आला. रात्री गंगावेशीत गेलो, त्याच्या हातात माझा कॅमेरा दिला. अर्धा तास तो म्हशीभोवती घिरट्या घालत होता. गवळ्यानं शेवटी त्यालाच भांडं धरायला लावलं. दुधाचा ग्लास रिकामा करून, मिशीवरचा फेस न पुसता म्हणाला, "मामा, महिनाभर देतोस काय हा?"

दिला. पट्ट्याला अजून पांढऱ्या रश्श्याचा वास येतो, हे काही सांगितलं नाही.