टाकीच्या व्हॉल्व्हला लाल-हिरवा नॉब: पावसाळा, हिवाळा, उन्हाळा वापरल्यावर

नांदेडला गोदावरीत शोधकाम करणारा आमचा छोटा गट आहे. मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या काही स्कूबा टाक्यांना (पाण्याखाली श्वास घ्यायला पाठीवर बांधायच्या हवेच्या टाक्या) व्हॉल्व्ह उघडाय का बंद ते रंगानं दाखवणारे नॉब बसवले, त्यानंतर पूर झाला, गणपती विसर्जन झालं, हिवाळ्यात मालवणला समुद्रात सराव झाला, आता ऊन पण सोसलं त्यांनी, म्हणून सविस्तर लिहायलोय. एकट्याची एकच टाकी असंल, स्वतःच उघडता स्वतःच बंद करता, तर हे नसलं तरी चालतंय. पण टाकीला चार जणांचे हात लागत असतील तर घ्याच, माझं मत पक्कं झालंय.

आधी अडचण काय ते समजून घ्या. ठिबकचा बॉल व्हॉल्व्ह लांबून बघितला तरी कळतो, दांडी पाईपच्या रेषेत असली की चालू, आडवी असली की बंद. स्कूबाच्या टाकीचा व्हॉल्व्ह तसा नाही, तो फिरत फिरत उघडतो आणि पूर्ण उघडा, अर्धा उघडा, जवळजवळ बंद, तिन्ही वेळेला काळा नॉब दिसायला सारखाच. हात लावून फिरवल्याशिवाय कळत नाही आणि फिरवणारा घाईत असला की इथंच घोळ होतो.

त्यात जुन्या लोकांची एक सवय, पूर्ण उघडायचा आणि मग पाव फेरा मागं घ्यायचा. जुन्या व्हॉल्व्हना त्याची गरज असंल, आताच्यांना नाही, आता बहुतेक ठिकाणी पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद एवढंच शिकवतेत. मागं घेण्यातला धोका असा की ज्यानं पाव फेरा फिरवला त्याला दिशा उलटी लक्षात राहिली तर आधी पूर्ण बंद होतो आणि मग पाव फेराच उघडतो. आणि हे काठावर कळतच नाही! काठावर श्वास मस्त येतो, टाकीतला दाब दाखवणारं गेज २०० बार, म्हणजे टाकी भरलेली दाखवतंय, सगळं ठीक वाटतंय. पण १० मीटर खाली दाब दुप्पट, म्हणजे एका श्वासाला हवा दुप्पट लागती, २० मीटरला तिप्पट, आणि ती त्या बारीक फटीतून यायची. वरून टाकीतला दाब जसा कमी होतो तशी त्याच फटीतून येणारी हवा पण कमी होत जाते, म्हणून सुरुवातीला चांगलं चाललेलं नेमकं शेवटी, माणूस दमलेला असताना, जड जायला लागतं. डोहात गाळात हात घालून चाचपडत असताना हे झालं तर माणूस घाबरणारच.

आमच्या नॉबचं काम साधं आहे. पूर्ण उघडला की नॉबच्या खालच्या बाजूला हिरवा पट्टा दिसतो, थोडा जरी मागं आला की लाल. बस. विसर्जनाच्या दिवशी नदीकाठी केवढी गर्दी असते ते नांदेडकरांना सांगायला नको, ढोल ताशे, पोलिसांचे आवाज, होडीतले भोई भाऊ वेगळंच ओरडून सांगायलेत, अशात ‘व्हॉल्व्ह खोलला का रे’ विचारलं तर उत्तर ऐकू पण येत नाही. आता काठावरचा माणूस डायव्हरच्या पाठीमागं उभा राहतो, बघतो, लाल दिसलं तर खांदा दाबून थांबवतो. असं थांबवल्याचे प्रसंग आलेत, उतरायच्या आधी टाकी हलवताना कोणीतरी बंद केलेली. तपासणी नुसती हातानं करत असतो तर ते सापडलं नसतं असं म्हणत नाही, पण नजरेनं सापडायला एक क्षण लागला आणि ते पण डायव्हिंग न येणाऱ्या पोराला सापडलं, ही गोष्ट मला लई मोलाची वाटते.

पाण्याखाली मात्र याचा उपयोग विसरा. पावसाळ्यात गोदावरीत स्वतःचा हात डोळ्यासमोर धरला तरी दिसंना, तिथं पाठीमागचा पट्टा कोण बघणार. मालवणला पाणी बरं होतं तर बडीची, म्हणजे जोडीदार डायव्हरची, टाकी दिसत होती, पण पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी मरतो, थोडं खाली गेलं की लाल पट्टा काळपट तपकिरी दिसायला लागला. हिरवा ओळखू येतो. म्हणून आम्ही सगळ्यांना सांगून ठेवलंय, लाल शोधू नका, हिरवा दिसतोय का तेवढंच बघा, नसंल दिसत तर बंद समजा. शिवाय लाल-हिरव्यातला फरक न कळणारे पुरुष आपल्यात बरेच असतेत, त्यांच्यासाठी कंपन्यांनी पट्ट्यावर रेघा किंवा खाचा द्यायला पाहिजेत असं मनापासून वाटतं.

एक गैरसमज आमच्याकडं झाला तो तुमच्याकडं पण होणार. नवीन मदतनीस हिरवं बघून म्हणाला, ‘दादा ही टाकी फुल आहे.’ नाही! हिरवं म्हणजे फक्त व्हॉल्व्ह उघडा, आत हवा किती ते गेजच सांगणार. तसंच व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असून फर्स्ट स्टेजची, म्हणजे टाकीवर बसवून हवेचा दाब कमी करणाऱ्या भागाची, जाळी गंजानं किंवा गाळानं तुंबलेली असू शकते, ते नॉबला काय कळणार. त्यामुळं गेजकडं बघत तीन-चार लांब श्वास घ्यायची सवय सोडायची नाही. श्वास ओढताना काटा खाली झुकून परत वर येत असंल तर हवा अडायलीय, टाकी काढा आणि बघा. ही तपासणी फुकट आहे आणि नॉबपेक्षा मोठी आहे.

टिकाऊपणाबद्दल मी नाराज आहे. आपल्या काळ्या मातीचा बारीक गाळ नॉबच्या आत जातो, वाळला की सिमेंटसारखा घट्ट होतो, नॉब जड फिरतो आणि जड फिरला की माणसाला वाटतं पूर्ण उघडला. प्रत्येक वेळेला गोड्या पाण्यात नॉब उघडबंद करत धुवावाच लागतो. उन्हानं लाल पट्टा नारंगी पडलाय, कारण टाक्या गाडीवर उघड्यावर राहतेत, एप्रिल-मे मधलं आपलं ऊन तुम्हाला माहितंय, तसंही भरलेली टाकी उन्हात ठेवूच नये, आता ताडपत्री टाकतो.

आणि घेताना व्हॉल्व्हचा मेक-मॉडेल कळवून मगच मागवा. स्पिंडलचं, म्हणजे नॉब ज्या दांडीवर बसतो तिचं, चौकोनी टोक सगळ्यांचं एकसारखं नसतं. आम्हाला विकणाऱ्यानं ‘सगळ्याला बसतंय’ म्हणून सांगितलं आणि काही बसलेच नाहीत, परत पण घेतले नाहीत. बसवायला सर्व्हिसवाल्याकडंच द्या, टाकी रिकामी करून. नॉबचा नट आणि त्याच्या खालचा मोठा नट यात गफलत झाली, भरल्या टाकीचा खालचा नट सैल केला, तर आतला भाग गोळीसारखा बाहेर येऊ शकतो.

न बसलेल्या टाक्यांवर सध्या आम्ही गळ्यात चिठ्ठी बांधतो, उघडणाऱ्यानंच चिठ्ठी काढून काठावरच्याच्या हातात द्यायची. चालतंय, पण पावसात चिठ्ठी भिजते, म्हणून गणपतीच्या आधी त्यांच्यासाठी बरोबर मापाचे नॉब मागवणार आहोत.