मावळ्याची मान आणि अर्धा थेंब: सुपरग्लूचा नऊ महिन्यांचा अनुभव

गेल्या दिवाळीत किल्ल्याची पेटी उघडली तेव्हा सव्वीस चित्रांपैकी अकरा मोडलेली निघाली. चित्रं म्हणजे किल्ल्यावर मांडायची मातीची खेळणी; माझ्या माहेरी पुण्यात हाच शब्द आहे आणि डोंबिवलीत येऊनही मी तो सोडलेला नाही. एका मावळ्याची मान, गवळणीच्या डोक्यावरचा हंडा, तोफेचं चाक, महाराजांच्या घोड्याचा कान. यातली बरीच चित्रं आजोबांनी कसब्यातल्या कुंभारवाड्यातून आणलेली, भाजलेल्या मातीची. तशी आता सहज मिळत नाहीत, म्हणून ती दुरुस्त करायचीच असं ठरवलं.

तोवर सुपरग्लू म्हणजे पाच रुपयांची ट्यूब, घरी काही तुटलं की वाण्याकडून आणायची, एकदा वापरायची आणि वाळून गेली की टाकून द्यायची, एवढाच माझा संबंध. या वेळी तीन बाटल्या घेतल्या: पाण्यासारखा पातळ, मधासारखा मध्यम आणि ओघळत नाही असा जेल. दिवाळीपासून आषाढापर्यंत तिन्ही वापरल्या. चित्रं झाल्यावर मुलीची भातुकली, सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि घरातली किरकोळ मोडतोडही त्यात आली.

पहिला मावळा बिघडवला. मोडलेल्या मानेवर पातळ ग्लू लावला, डोकं दाबून मिनिटभर धरलं, हात काढला तर डोकं खाली. भाजलेल्या मातीला बारीक छिद्रं असतात, तिने सगळा ग्लू पिऊन टाकला होता. दोन तुकड्यांच्या मध्ये काही उरलंच नव्हतं. मी आणखी ओतला. तो अंगरख्यावर ओघळला आणि तिथला रंग कायमचा चकाकता झाला. आता मी हे काम दोन दिवसांत करते. पहिल्या दिवशी जुन्या टूथब्रशने दोन्ही बाजूंची धूळ झाडायची, प्रत्येक बाजूवर पातळ ग्लूचा अर्धा थेंब मुरवायचा आणि रात्रभर तसंच ठेवायचं. माती आतून घट्ट होते, छिद्रं बुजतात. दुसऱ्या दिवशी टाचणीच्या टोकावर येईल एवढाच जेल एका बाजूला लावायचा, तुकडे बसवायचे, हलू द्यायचे नाहीत. उरलेली दहा चित्रं अशी जोडली, आणि त्यातलं एकही आजवर सुटलेलं नाही.

जास्त ग्लू म्हणजे जास्त मजबुती, हा समज सोडायला मला महिना लागला. फेविकॉलमधलं पाणी उडतं आणि तो वाळतो. सुपरग्लूचं तसं नाही. त्यातल्या सायनोअ‍ॅक्रिलेटला वस्तूच्या पृष्ठभागावरचा आणि हवेतला ओलावा लागला की त्याचे सुटे रेणू एकमेकांत गुंफून लांब साखळ्या तयार होतात. थर पातळ असेल तर हा ओलावा सगळीकडे पोचतो. थर जाड असेल तर कडा धरतात आणि मधला भाग बराच वेळ कच्चा राहतो. या ग्लूचा इतिहासही हेच सांगतो. 1942 मध्ये अमेरिकेत ईस्टमन कोडॅकमध्ये हॅरी कूव्हर बंदुकीच्या नेमसाधनासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधत होते. हे रसायन हाताला लागलं, पण ते सगळ्यालाच चिकटत होतं, म्हणून बाजूला पडलं. 1951 मध्ये तपासणीसाठी त्याचा पातळ थर एका उपकरणाच्या दोन प्रिझममध्ये पसरला आणि ते प्रिझम सुटेचनात, तेव्हा हा चिकटवण्याचा पदार्थ आहे हे कळलं. 1958 मध्ये तो बाजारात आला. दोन गुळगुळीत पृष्ठभाग आणि त्यांच्यात कागदापेक्षा पातळ थर: तो पहिला जोड जसा होता तसाच आजही सगळ्यात पक्का बसतो.

म्हणूनच फट असली की हा ग्लू हरतो. घोड्याच्या कानाचा कपचा हरवलाच होता. तिथे खायचा सोडा कामाला आला. खाचेत चिमूटभर सोडा भरला, वरून पातळ ग्लूचा एक थेंब सोडला. क्षणात दगडासारखं घट्ट झालं, कारण सोड्यासारखा अल्कलीचा पदार्थ ही साखळी झपाट्याने बांधतो. थर देत देत कानाचा आकार उभा केला, बारीक कानसीने आणि पॉलिशपेपरने घासला, रंगवला. काम सुंदर होतं, मात्र तेव्हा उष्णता आणि डोळे झोंबवणारी वाफ निघते. खिडकी उघडी हवी आणि चेहरा वस्तूवर झुकलेला नको. खाच मोठी असेल तर सोड्याच्या नादी न लागता सरळ एम-सील वापरा.

मावळ्याच्या भाल्यासारखा बारीक, कुणाच्याही हाताने ढकलला जाणारा भाग नुसत्या ग्लूवर टिकत नाही. हा जोड ओढीला चांगला असतो, पण उचकटायला आणि आपटायला फार ठिसूळ. मुठीत आणि भाल्यात हाताच्या छोट्या ड्रिलने भोक पाडलं, कागदाच्या क्लिपची तार कापून आत बसवली आणि मग जेल लावला. मुलीने तो भाला दोनदा जमिनीवर पाडला, तरी जागचा हलला नाही.

सगळ्यात मोठं नुकसान पावसाळ्यात झालं. जुलैमध्ये तोफेचं चाक बसवलं आणि काळ्या रंगावर दुसऱ्या दिवशी पांढुरकी झाक आली, बुरशी धरल्यासारखी. घट्ट होण्याआधी ग्लूची वाफ उडते आणि जवळच्या पृष्ठभागावर बसून पांढरी पडते. हवा दमट, ग्लू जास्त आणि जागा बंद असली की हे हमखास होतं. मी जोडलेली तोफ लगेच डब्यात ठेवली होती, तीच चूक. वरून मॅट वार्निशचा हात दिल्यावर झाक बरीचशी लपली. आता जोडलेली वस्तू रात्रभर उघड्यावर ठेवते. उलट जानेवारीच्या कोरड्या हवेत ग्लू धरायला वेळ लावायचा. तेव्हा जोडण्याआधी कोरड्या बाजूवर तोंडाची वाफ सोडायची, तेवढा ओलावा पुरतो.

सासूबाईंच्या चष्म्याची काडी याच ग्लूने जोडायला घेतली होती. शेजारच्या घड्याळजींनी वेळेवर थांबवलं: याच वाफेने काच धूसर होते. त्यांचा मी अजून आभारी आहे.

सावंतवाडीच्या खेळण्यांबद्दल कळकळीने सांगते. आमच्याकडे भोवरा, पाटा-वरवंटा आणि फळांची परडी आहे. सुटलेला देठ मध्यम ग्लूने लगेच बसतो. पण बाहेर आलेला ग्लू पुसायला नेलपॉलिश रिमूव्हर घेऊ नका. त्यातलं अ‍ॅसिटोन ग्लू विरघळवतं, आणि त्यासोबत वरचा रंगही उतरवतं. आमच्या लाकडी आंब्याचा एक गाल असा गेला. प्लॅस्टिकच्या मॉडेलवरही तोच धोका. आणि थर्माकोलला तर साधा सुपरग्लूच खातो. किल्ल्याचा बुरूज थर्माकोलचा असेल तर फेविकॉल लावा.

घरातल्या दुरुस्त्यांत यश निम्मंच आलं. देव्हाऱ्याच्या लाकडी महिरपीचा तुकडा, रिमोटचं झाकण, फ्रिजवरच्या चुंबकाचं चित्र हे सगळं छान टिकलं. चपलेचा पट्टा चार दिवसांत सुटला, कारण तो वाकतो आणि हा ग्लू वाकत नाही. चहाच्या कपाचा कान मी जोडला होता, तो नंतर फेकून दिला. उष्णता आणि रोजची धुण्याची ओल यांत हा जोड कमजोर होतो, आणि उकळता चहा भरलेला कप हातातून सुटणं परवडणारं नाही. डब्यांच्या झाकणांचं पॉलिथिन किंवा पॉलीप्रॉपिलीन याला मुळीच दाद देत नाही. ग्लूची बाटली त्याच जातीच्या प्लॅस्टिकची असते ती म्हणूनच.

मुलं असलेल्या घरांसाठी तीन गोष्टी. सांडलेला ग्लू कापसाने किंवा सुती कपड्याने पुसू नका. कापसावर तो इतक्या वेगाने घट्ट होतो की धूर निघतो आणि त्वचा भाजते. माझ्या अंगठ्यावरचा फोड आठवडाभर होता. बोटं चिकटली तर ओढू नका, कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून हळूहळू गोल फिरवत सोडवा. आणि बाटली डोळ्यांच्या औषधाजवळ कधीही ठेवू नका. दोन्ही बाटल्या सारख्याच दिसतात. डोळ्यात गेलाच तर पापण्या उचकटत न बसता तडक डॉक्टरांकडे जा.

बाटली टिकवणं जमलं याचा मला खरा आनंद आहे. काम झालं की बाटली उभी धरून तळाशी दोनदा टिचकी मारते, म्हणजे तोंडाशी अडकलेला ग्लू खाली जातो. मग टोक पुसून झाकण लावायचं आणि घट्ट झाकणाच्या बरणीत, बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत उभी ठेवायची. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये चालते, पण वापरण्याआधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, नाहीतर आत दव धरतं.

नऊ महिन्यांत जेल संपला, मध्यम तळाला आला, पातळ अजून अर्धा आहे. पुन्हा घेईन तर जेल आणि पातळ हे दोनच. मध्यमचं काम जेल करतो. पहिला मावळा मी अ‍ॅसिटोन लावून सोडवला, मान नव्याने बसवली, अंगरखा मुलीने पोस्टर कलरने रंगवला. यंदा तो दरवाजाशी उभा राहील, तोफेच्या शेजारी.