रोपं लावायची, की जंगल राखणाऱ्यांना साथ द्यायची? नाशिककरांसाठी एक तुलना

जूनचा पहिला पाऊस पडला की नाशकात खड्डे खणायची लगबग सुरू होते. सोसायट्या, गणेश मंडळं, सातपूर-अंबडच्या कंपन्या, ट्रेकचे ग्रुप, सगळ्यांना हवामानबदलासाठी काहीतरी करायचं असतं आणि बहुतेकांची वर्गणी रोपांवर खर्च होते. मीही बरीच वर्षं तेच करत होते. हल्ली मैत्रिणी विचारतात, यंदा पैसे नेमके कुठे द्यायचे? वाटा साधारण तीन आहेत. टेकडीवर वृक्षारोपण. कंपनी असेल तर हरित पत किंवा कार्बन क्रेडिट, म्हणजे झाडं लावल्याबद्दल किंवा टाळलेल्या उत्सर्जनाबद्दल मिळणारी, हिशेबात दाखवता येणारी पत. आणि तिसरी, जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाणा या आदिवासी तालुक्यांतल्या एखाद्या पाड्याच्या ग्रामसभेला तिचं जंगल राखायला मदत. माझा कल तिसऱ्या वाटेकडे आहे. त्या वाटेवरच्या अडचणीही सांगणार आहे, कारण त्या माहीत नसताना गेलेली मंडळी वर्षभरात परत फिरलेली मी पाहिली आहेत.

वृक्षारोपणाच्या बाजूने मोठी गोष्ट म्हणजे ते कोणालाही जमतं. रविवारची सकाळ, शाळेची मुलं, पन्नास-शंभर रोपं. राज्य सरकारनेही २०१६ ते २०१९ या चार वर्षांत २, ४, १३ आणि ३३ कोटी रोपांची उद्दिष्टं ठेवली होती. पण खरा खर्च रोपाचा नसतोच. तो पुढच्या तीन उन्हाळ्यांच्या पाण्याचा, गुरांपासून राखणीचा आणि वणव्याचा असतो. शहराजवळच्या एका टेकडीवर आम्ही लावलेली रोपं दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये एका दुपारी जळून गेली. आम्हाला ते तीन दिवसांनी कळलं. टेकडीच्या पायथ्याशी वाडी होती. तिथल्या बायका म्हणाल्या, आग दिसली होती, पण तुमची रोपं आली तेव्हा आमची चराई बंद झाली, मग विझवायला कोण धावणार? त्या प्रश्नाने माझी सगळी गणितं बदलली.

हरित पत कार्यक्रम केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२३ मध्ये अधिसूचित केला. कंपनीने पैसे भरायचे, वनविभागाने उजाड वनजमिनीवर रोपवन करायचं, त्याबदल्यात कंपनीला पत मिळायची. सुरुवातीच्या पद्धतीत हेक्टरी किमान १,१०० झाडांचा हिशेब होता. कंपनीच्या दृष्टीने हे सुटसुटीत आहे: पावती मिळते, अहवालात आकडा येतो. माझी हरकत जमिनीबद्दल आहे. कागदावर जी उजाड वनजमीन असते, ती बरेचदा कोणाच्या तरी गुरांची, सरपणाची, मोहाची जागा असते. तिथे रोपवन करायचं की नाही, हे तिथल्या ग्रामसभेला विचारलं होतं का, एवढा एकच प्रश्न विचारा. उत्तर मिळालं नाही तर पैसे अडवून ठेवा.

तिसऱ्या वाटेचा पाया म्हणजे २००६ चा वनहक्क कायदा. त्याचा एक भाग सगळ्यांना माहीत आहे: कसत असलेल्या जमिनीचा वैयक्तिक पट्टा, जास्तीत जास्त ४ हेक्टर. दुसरा भाग शहरात फारसा कोणी ऐकलेला नाही. परंपरेने जे जंगल गाव वापरत आलं, त्यावर सामूहिक हक्क मिळतो आणि ते राखण्याचा, वाढवण्याचा, त्याचं व्यवस्थापन करण्याचा अधिकारही मिळतो. कलम ५ प्रमाणे जंगल, वन्यजीव, पाणलोट आणि पाण्याचे स्रोत सांभाळण्याचा अधिकार ग्रामसभेकडे येतो. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरांवर हा हक्क मिळाला आणि २०११ मध्ये आपल्या बांबूच्या वाहतुकीचे पास देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. एवढं लांब जायचं नसेल तर धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातलं बारीपाडा पाहून या, सटाणा-पिंपळनेरमार्गे. कोकणा समाजाच्या या गावाने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी स्वतः ठरवून चारशेहून अधिक हेक्टर जंगल परत उभं केलं. तिथल्या चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. गावाचे नियम गावानेच केले आणि मोडणाऱ्याला दंडही गावानेच लावला, म्हणून ते टिकले.

आता तिन्ही वाटा एकाच कसोटीवर लावून पाहू: वणवा लागला की कोण धावतं? रोपवनाकडे कंत्राटी राखणदार असला तर तो एकटा धावतो, तेही करार चालू असेपर्यंत. ग्रामसभेच्या जंगलात पाडा धावतो, कारण मोह, हिरडा, करवंदं, पावसाळ्यातल्या रानभाज्या, विहिरीचा झरा, सगळं तिथलंच असतं. त्यात राब भाजणाऱ्या, म्हणजे पेरणीआधी रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळणाऱ्या शेतकऱ्याला वारा बघून आग कशी आवरायची हे लहानपणापासून ठाऊक असतं. असं ज्ञान विकत मिळत नाही, पण त्याला मोबदला देता येतो. उत्तर ऑस्ट्रेलियात पश्चिम आर्नहेम लँडमध्ये २००६ पासून आदिवासी रेंजर हेच करतात. सुमारे २८,००० चौरस किलोमीटरांवर कोरड्या ऋतूच्या सुरुवातीला ते छोट्या, थंड आगी लावतात, म्हणजे उशिरा पेटणारे मोठे वणवे आटोक्यात राहतात आणि मिथेन, नायट्रस ऑक्साइड कमी बाहेर पडतं. टळलेल्या उत्सर्जनाचे पैसे त्या समाजाच्या संस्थांकडे जातात. आपलं पानगळीचं जंगल वेगळं आहे, तिथली पद्धत उचलून इथे आणू नये. पण तो प्रकल्प पाहिल्यापासून मी कार्बन क्रेडिटला सरसकट नाही म्हणत नाही. क्रेडिट कोणाच्या नावावर आहे, ते आधी बघते.

जंगलाचं झालं, पण समुद्रावर जगणाऱ्यांच्या हक्काचं काय, असं एका मैत्रिणीने विचारलं. ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये उत्तर भागातल्या योल्ङू आदिवासींचा भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या पाण्यावरचा हक्क मान्य केला. टोरेस सामुद्रधुनीतल्या बेटवासीयांच्या तक्रारीवर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने ऑस्ट्रेलियाने त्यांचं हवामानबदलापासून पुरेसं रक्षण केलं नाही असा निर्णय दिला. आपल्याकडे वनहक्क कायदा जंगलापुरता आहे. पालघरच्या कोळ्यांच्या हातात समुद्रासाठी त्याच्या तोडीचा कायदा नाही. नाशिकच्या छोट्या वर्गणीने ती उणीव भरून निघणार नाही. मात्र पेठ-सुरगाण्यातून वाहणाऱ्या दमणगंगा आणि पार पश्चिमेला जाऊन अरबी समुद्राला मिळतात, तेव्हा वरचा उतार राखला तर खाली खाडीत जाणारी माती कमी होते, एवढं तरी आपल्या आवाक्यात आहे.

पैसे पेठ-सुरगाण्याकडेच का, याचं माझ्यापुरतं उत्तर न्यायाचं आहे. पेठ, सुरगाणा, इगतपुरी, त्र्यंबकेश्वर हा जिल्ह्यातला सर्वाधिक पावसाचा पट्टा. वैतरणेचं पाणी इथूनच मुंबईला जातं. आणि एप्रिल-मे मध्ये इथल्याच अनेक पाड्यांवर बायका हंडा घेऊन डोंगर उतरतात. इथली माणसं हंगामात दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला येतात. अवकाळी पाऊस आला की बागाईतदाराचं नुकसान बातमीत येतं, मजुराचे बुडलेले रोज कोणी मोजत नाही. हवा तापवण्यात यांचा वाटा सगळ्यात कमी. जगभरातही पैसा यांच्यापर्यंत पोचत नाही. २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत आदिवासी आणि स्थानिक समाजांच्या जमीनहक्कांसाठी १७० कोटी डॉलर जाहीर झाले. पहिल्या वर्षी वाटलेल्या रकमेपैकी जेमतेम ७ टक्के थेट त्यांच्या संघटनांना मिळाले.

अडचणी आता. ही वाट संथ आहे. दावा ग्रामसभेतून प्रांतांच्या उपविभागीय समितीकडे, तिथून जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे जातो आणि मध्ये वर्षं जाऊ शकतात. तुमच्या पैशाने दिसायला काहीच उभं राहत नाही: जीपीएसने गावाची शीव मोजणं, म्हाताऱ्यांचे जबाब, जुने नकाशे, तालुक्याच्या फेऱ्यांचं भाडं, फेब्रुवारीत जाळरेषा (वणवा अडवायला गवत-पाचोळा काढून मोकळा केलेला पट्टा) काढणाऱ्यांची मजुरी, मोह-हिरड्याची छोटी रोपवाटिका, व्यवस्थापन आराखडा. फलक लावायला जागा नाही. करसवलतीची पावती हवी असेल किंवा पैसे कंपनीच्या सीएसआरमधून (सामाजिक जबाबदारीच्या निधीतून) द्यायचे असतील तर मध्ये नोंदणीकृत संस्था घ्यावी लागते, आणि मग निर्णय ग्रामसभेचा राहतो की संस्थेचा, हे डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं. गावात गट असतात. काही ठिकाणी बायका सभेत मागे बसतात, जंगलात मात्र रोज त्याच जातात. मी बैठकीत त्यांच्याशेजारीच बसते. जंगलातला कुठला झरा आटला ते मला तिथेच कळतं.

आणखी एक गोष्ट मी उशिरा शिकले. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर चालत गेलेल्या शेतकऱ्यांत आदिवासी मोठ्या संख्येने होते आणि त्यांची मुख्य मागणी कसत्या जमिनीच्या पट्ट्याची होती. आपण सामूहिक जंगलाचं बोलायला गेलो आणि गाव म्हणालं, आधी आमचा पट्टा बघा, तर तिथूनच सुरुवात करावी. पोटाची जमीन पक्की झाल्याशिवाय कोणी डोंगरावर जाळरेषा काढायला मोकळं होत नाही.

मग कोणी काय निवडावं? शाळा असेल आणि हाताशी एकच रविवार असेल तर शहरातच, जिथे रोज पाणी घालणारं कोणी आहे अशा जागी झाडं लावा. डोंगरावर जाऊ नका. कंपनीला वर्षअखेरीआधी पैसे संपवायचे असतील तर ग्रामसभा तिच्यासाठी नाही. घाईचा पैसा पाड्यावर भांडणं लावतो. पण तुमचा ग्रुप दहा जणांचा असला, वर्षाला लाखभर रुपयेच जमत असले आणि पाच वर्षं एकाच गावाशी राहायची तयारी असली, तर दुसरीकडे बघू नका.

गाव निवडताना तीन गोष्टी विचारा. सामूहिक दावा मंजूर आहे की प्रलंबित? जंगलाची व्यवस्थापन समिती कागदावर आहे की बैठकही घेते? बँक खात्यावर सह्या कोणाच्या, आणि त्यात बाई आहे का? २६ जानेवारीला ग्रामसभा असते. त्या दिवशी जाऊन बसा, विचारलं तरच बोला. फेब्रुवारीत जाळरेषा काढायला माणसं कमी पडतात, तेव्हा विळा-कोयता घेऊन परत जा. पैशाचं त्यानंतर, त्यांच्यासोबत बसून ठरवा.