तोक्योतली आमची सेकंडहँड क्राउन : चौदा महिन्यांनंतर

आम्ही तोक्योला निशिकासाईत राहतो. इमारतीचं पार्किंग यांत्रिक आहे, म्हणजे गाडी लोखंडी पाळण्यावर चढवायची आणि पाळणा ती वर नेतो. १,८०० मिलिमीटरहून रुंद गाडीला तिथे जागा नाही. या एका आकड्यावर बऱ्याच मोठ्या सेडान बाद झाल्या. २०१४ची टोयोटा क्राउन हायब्रिड बरोबर १,८०० भरली.

हा योगायोग नाही. इथल्या गल्ल्या आणि पार्किंग डोळ्यांसमोर ठेवूनच चौदाव्या (आमची हीच) आणि पंधराव्या पिढीतही क्राउनची रुंदी तेवढीच राखली. लांबी जवळपास ४.९ मीटर, पण वळणाची त्रिज्या फक्त ५.२ मीटर. घरामागच्या गल्लीत विजेच्या खांबाला वळसा घालायचा असतो. आमच्या आधीच्या छोट्या गाडीला मागे-पुढे करावं लागायचं, ही एका दमात निघते. मला ही गाडी आवडते ती सगळ्यात जास्त याच गोष्टीसाठी.

नागाकुतेच्या टोयोटा संग्रहालयात १९५५ची पहिली क्राउन पाहिली. तिची मागची दारं उलटी, मधून दोन्हीकडे उघडणारी. जपानीत त्यांना 'कान्नोन-बिराकी' म्हणतात, कान्नोन देवीच्या देव्हाऱ्याच्या दारांवरून. आईला ते ऐकूनच गाडी आपली वाटली. ती पहिली क्राउन १९५७ साली अमेरिकेलाही गेली, पण दीड लिटरचं इंजिन तिथल्या हायवेवर पुरं पडेना आणि १९६०मध्ये निर्यात थांबली.

आमच्या गाडीत अडीच लिटरचं इंजिन आणि मोटर मिळून २२० अश्वशक्ती आहे. तोमेई एक्स्प्रेसवेवर गोतेंबाचा चढ चार माणसं घेऊन चढली, तरी मागे बसलेल्या बाबांची झोप मोडली नाही. शहरात लिटरला १४-१५ किलोमीटर मिळतात, हायवेवर १८च्या आसपास. पेट्रोल साधंच चालतं. वार्षिक कर ४५,००० येन, तो जाणवतो.

आईचे गुडघे दुखतात, पण या सीटवरून ती हात न धरता उठते. मागे मात्र दोघंच नीट बसतात. रिअर-व्हील ड्राइव्हमुळे मधोमध मोठा उंचवटा आहे, तिसऱ्याचे पाय अवघडतात. हायब्रिडची बॅटरी मागच्या सीटपाठी असल्यानं डिकीही आखूड. आई-बाबांना विमानतळावरून आणताना तिसरी बॅग पुढच्या सीटवर ठेवली आणि बायको ट्रेननं घरी आली. घेणाऱ्यानं आपल्या बॅगा आधी डिकीत ठेवून बघाव्यात.

एकदाच अडलो. तीन आठवडे पुण्याला गेलो होतो. परतल्यावर गाडी मुकी, साधी बारा व्होल्टची बॅटरी उतरलेली. आता लांब जाताना शेजाऱ्यांकडे किल्ली देऊन जातो, ते आठवड्यातून एकदा फेरी मारून आणतात.

नवी क्राउन सेडान शोरूममध्ये बसून पाहिली. सुंदर आहे, पण रुंदी १,८९० मिलिमीटर; आमच्या पाळण्यावर ती चढायची नाही. नोव्हेंबरात याच गाडीची शाकेन, म्हणजे दर दोन वर्षांची सक्तीची तपासणी, करून घेणार आहे.