पीएचपीबीबीवरचा आमचा चाहता-फोरम : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

सामना चालू असताना दर मिनिटाला ओरडायचं असेल तर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उत्तम आहे. मीही तिथेच ओरडतो. पण क्लबबद्दल आज जे बोललो ते दोन वर्षांनी कुणाला तरी सापडावं असं वाटत असेल, तर ग्रुपमध्ये काही हाती लागत नाही. एवढ्या एका कारणासाठी, मुंबई सिटी एफसी या फुटबॉल क्लबच्या अंधेरीतल्या सामन्यांना नेहमी भेटणाऱ्या आम्ही काही जणांनी २०२५ च्या पावसाळ्यात पीएचपीबीबी हे सॉफ्टवेअर घेऊन स्वतःचा फोरम उभा केला. आता तो अंगवळणी पडलाय, म्हणून लिहितोय. माझं मत आधीच सांगतो: जरूर करा.

सॉफ्टवेअरबद्दल फार लिहीत नाही. पीएचपीबीबी २००० साली आलं, मुक्तस्रोत आहे, त्याला पैसे पडत नाहीत. पीएचपी आणि मायएसक्यूएल मिळणाऱ्या कुठल्याही साध्या शेअर्ड होस्टिंगवर चालतं. आमच्यातला एक मुलगा बँकेत नोकरी करतो, त्याने सुट्टीच्या दिवशी बसून ते लावलं. डोमेन आणि होस्टिंगचा खर्च वर्गणीतून निघतो. दिसायला ते वीस वर्षांपूर्वीच्या फोरमसारखंच दिसतं: वर विभाग, खाली धागे, धाग्यात एकाखाली एक प्रतिसाद. ज्यांनी मायबोलीवर कधी वाचन केलंय त्यांना काही शिकवावं लागत नाही.

आता हे जुनं खूळ आजच्या काळात कशाला, हा प्रश्न मला खूप जणांनी विचारला. त्याचं उत्तर देण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

एकेकाळी फुटबॉलवर बोलायच्या जागा नेटवर भरपूर होत्या. बीबीसीचा '६०६' हा चाहत्यांचा फोरम २०११ मध्ये बंद झाला. आपल्याकडची पोरं ऑर्कुटच्या कम्युनिटीत भांडत मोठी झाली; ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला गेलं. याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० मध्ये मिटले. जे फोरम टिकले त्यांचेही डोळे गेले, असं मी म्हणेन, कारण २०१७ मध्ये फोटोबकेट या फोटो साठवायच्या साइटने बाहेरच्या साइटवर फोटो दाखवण्यासाठी वर्षाला ३९९ डॉलरची योजना आणली आणि जगभरच्या जुन्या धाग्यांत फोटोंच्या जागी एकच राखाडी पाटी उरली. स्टँडमधले झेंडे, तिकिटांचे तुकडे, प्रवासातले चेहरे, सगळं एका निर्णयाने दिसेनासं झालं.

बाकीची कारणं सगळ्यांना माहीत आहेत. फोरम बहुतेक वेळा एकाच माणसाच्या खिशावर आणि उत्साहावर चालायचा. त्याचं लग्न झालं, बदली झाली, की सर्व्हरचं नूतनीकरण राहून जायचं. स्पॅम साफ करणं हे रोजचं बिनपगारी काम. माणसं फोनवर आली आणि फेसबुक, ट्विटर, व्हॉट्सअ‍ॅप, डिस्कॉर्ड यांकडे वळली. ब्रिटनमध्ये तर ऑनलाइन सेफ्टी अ‍ॅक्ट या इंटरनेट सुरक्षेच्या कायद्याच्या जबाबदाऱ्या मार्च २०२५ पासून लागू झाल्यावर छोटे फोरम चालवणाऱ्या हौशी लोकांपुढे कायदेशीर कागदपत्रांचं ओझंही आलं. मँचेस्टर युनायटेडवाल्यांचं रेडकॅफे किंवा लिव्हरपूलवाल्यांचं 'रेड अँड व्हाइट कॉप' अजून चालू आहे, आणि मुंबईतली कितीतरी मुलं ते रात्री जागून वाचतात. मोठ्या क्लबांना ते जमतं. आधी जातात ते लहान क्लबांचे फोरम, आणि नेमकी त्यांनाच त्यांची सगळ्यात जास्त गरज असते.

मुंबईत हे जरा जास्तच खरं आहे, कारण मुंबईत फुटबॉल क्लबच नाहीसे होतात. महिंद्रा युनायटेडने डेरिक परेरांच्या मार्गदर्शनाखाली २००५-०६ ची नॅशनल फुटबॉल लीग जिंकली आणि २०१० मध्ये संघ बंद झाला. मुंबई एफसी २००७ मध्ये सुरू झाला, २०१६-१७ च्या हंगामात आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेतून खाली गेला आणि त्याच वर्षी गुंडाळला गेला. या क्लबांचं ना संग्रहालय आहे, ना कुठे भिंतीवर फोटो. त्यांची आठवण ठेवायचं काम प्रेक्षकांच्याच वाट्याला आलंय, आणि प्रेक्षक जिथे बोलायचे त्या जागाही गेल्या तर मग कुणाकडे विचारायचं?

आमच्या फोरमवरचा सगळ्यात चांगला धागा याच प्रश्नातून निघाला. १ ऑगस्ट २०२५ ला खालिद जमील भारताच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक झाले. व्हॉट्सअ‍ॅपवर अभिनंदनाचा पूर आला. तेव्हा एका कॉलेजच्या मुलाने फोरमवर साधा प्रश्न टाकला: हे मुंबईत कुठल्या संघाकडे होते? आधी दोन ओळींची उत्तरं आली, की ते महिंद्राकडून खेळले, मग मुंबई एफसीत आले आणि २००९ पासून सात वर्षं प्रशिक्षक राहिले. मग परळच्या एका काकांनी लिहायला घेतलं. दरवर्षी तुटपुंज्या पैशांत संघ कसा उभा राहायचा, हंगाम संपत आला की गुणतक्त्याचा तळ बघत कसा जीव टांगणीला लागायचा आणि दरवर्षी संघ कसा वाचायचा. मुंबईतल्या कूपरेज मैदानाचं काम चालू होतं त्या काळात मुंबईच्या संघाचे घरचे सामने पुण्याला बालेवाडीत व्हायचे. काका पहाटेची गाडी पकडून शिवाजीनगरला उतरायचे आणि तिथून पुढे जायचे. स्वतःच्या शहराचा संघ बघायला दुसऱ्या शहरात जाणं म्हणजे काय, हे त्यांनी तीन लांबलचक प्रतिसादांत लिहिलंय.

त्यावर दुसऱ्या कुणीतरी आठवण करून दिली की खालिदना २०१६ मध्ये मुंबई एफसी सोडावं लागलं आणि पुढच्याच हंगामात त्यांनी मिझोरमच्या ऐजॉल क्लबला आय-लीग जिंकून दिली. त्या ऐजॉल संघात जयेश राणे आणि आशुतोष मेहता ही आपली मुंबईची पोरंही होती. आणि तोच हंगाम मुंबई एफसीचा शेवटचा ठरला. हे सगळं तुकड्यातुकड्याने मला माहीत होतं, पण एकाखाली एक वाचताना अंगावर काटा आला. धागा अजून चालू आहे. मध्येच महिंद्राच्या आठवणी इतक्या झाल्या की नियंत्रकांनी त्या वेगळ्या काढून त्यांचा स्वतंत्र धागा केला. पीएचपीबीबीमध्ये धागा असा फोडता येतो, दोन धागे जोडताही येतात, आणि माझ्या मते हीच त्याची सगळ्यात मोठी ताकद आहे. गप्पांमधून नोंद तयार होते ती इथे. ग्रुपमध्ये काकांचे तेच तीन प्रतिसाद 'गुड मॉर्निंग' आणि तिकिटांच्या चौकशीखाली संध्याकाळपर्यंत गडप झाले असते.

दुसरा प्रसंग डिसेंबरचा. जुलै २०२५ मध्ये मुंबई सिटी खेळते ती इंडियन सुपर लीगच लांबणीवर पडल्याची बातमी आली होती, त्यामुळे सगळे आधीच धास्तावलेले. त्यात डिसेंबरअखेरीस सिटी फुटबॉल ग्रुपने क्लबमधून अंग काढून घेतलं. २०१९ मध्ये ज्यांनी ६५ टक्के हिस्सा घेतला, ज्यांच्या काळात २०२०-२१ ला शील्ड (गुणतक्त्यात पहिलं येण्याचं) आणि करंडक (अंतिम सामन्याचा) दोन्ही आले, ते गेले. त्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर जे चाललं होतं त्याला संताप म्हणावं की रडं, कळत नव्हतं. अफवा, जुने व्हिडिओ, शिव्या. ते साहजिक होतं आणि त्या रात्री एकमेकांची सोबत तिथेच मिळाली, हे मी मान्य करतो. फोरमवर मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी धागा उघडला गेला आणि तो आठवडाभर सावकाश वाढत गेला. मालक गेल्यावर क्लबचं काय होतं, महिंद्राचं काय झालं होतं, फरक काय, युवा संघांचं काय होईल. ज्यांनी एक क्लब डोळ्यांसमोर बंद होताना पाहिलाय अशी माणसं ज्यांनी पाहिला नाही त्यांच्याशी बोलत होती. धीर देण्यासाठी नव्हे, खरं काय ते सांगण्यासाठी. मला त्या आठवड्यात फोरमचा जेवढा आधार वाटला तेवढा कशाचाच वाटला नाही.

आता उणिवा. त्या आहेत आणि त्या माहीत असूनच यात उतरावं.

फोरम शांत असतो. सामना नसलेल्या आठवड्यात दोन-तीन प्रतिसाद येतात, कधी तेही नाही. वाचणारे खूप, लिहिणारे मोजके. सामन्याच्या वेळचा धागा आम्ही सुरुवातीला दर वेळी उघडायचो, पण पान ताजं करत बसायला कुणाला वेळ नसतो. ते काम व्हॉट्सअ‍ॅपचं आहे, त्याच्याशी स्पर्धा करू नये. आता सामन्यानंतर एक दिवस जाऊ देतो आणि मग धागा उघडतो. त्यामुळे प्रतिसाद कमी पण वाचण्यासारखे येतात. फोनवर पान नीट उघडतं, तरी अ‍ॅपची सवय असलेल्या मुलांना ते जड जातं. त्यांच्यासाठी नव्या धाग्याचा दुवा ग्रुपमध्ये टाकावा लागतो. हे चिकाटीने करणारा एक तरी माणूस हवा.

शोध ही मराठी माणसांची खास अडचण आहे. एकच माणूस कधी 'कूपरेज' लिहितो, कधी 'कुपरेज', कधी रोमन लिपीत. खेळाडूंच्या नावांचं तर विचारू नका: बिपिन, बिपीन, शिवाय हिंदीत लिहिणारे आणि इंग्रजीत लिहिणारे. शोधाच्या खिडकीत एक रूप टाकलं की बाकीची निसटतात. आम्ही यावर साधा उपाय केला. धाग्याच्या शीर्षकात हंगाम, संघ आणि ठिकाण देवनागरीत एका ठरावीक पद्धतीने लिहायचं, आणि नियंत्रकांनी चुकीचं शीर्षक लगेच दुरुस्त करायचं. कंटाळवाणं काम आहे, पण आज २०२१ च्या अंतिम सामन्यातला बिपिन सिंगचा ९० व्या मिनिटाचा गोल शोधायला गेलात तर तो मिळतो. त्या हंगामाचे सगळे सामने कोरोनामुळे गोव्यात, रिकाम्या स्टँडसमोर झाले. आपल्या क्लबचा सगळ्यात मोठा क्षण आपण कुणीच मैदानात पाहिला नाही. त्या रात्री कोण कुठे होतं याचा धागा आहे, तो जरूर वाचा. त्या रात्री घरच्यांना न उठवता कोण कसं नाचलं, हे कुठल्याच वर्तमानपत्रात छापून येणार नव्हतं.

स्पॅमचा त्रास पहिल्या आठवड्यात फार झाला. पीएचपीबीबीमध्ये नोंदणीच्या वेळी स्वतःचा प्रश्न विचारायची सोय आहे. आम्ही विचारतो: कूपरेज मैदानाला जायला पश्चिम रेल्वेच्या कुठल्या स्टेशनवर उतराल? उत्तर 'चर्चगेट', देवनागरीत किंवा रोमनमध्ये, दोन्ही चालतं. त्यानंतर स्पॅम टाकणाऱ्या यंत्रांची नोंदणी जवळजवळ थांबली. नव्या सभासदाचे पहिले काही प्रतिसाद नियंत्रकांनी पाहिल्यावरच दिसतात, तेही चालू ठेवा.

भांडणं होतातच. प्रशिक्षकावरून, गोलरक्षकावरून, जुने विरुद्ध नवे चाहते यावरून. पण इथे भांडणाचा मागचा भाग सगळ्यांसमोर असतो, त्यामुळे 'मी असं म्हणालोच नव्हतो' ही सबब चालत नाही. टोपणनाव असलं तरी ते वर्षभर तेच राहतं, आणि माणूस आपल्या नावाला जपून लिहायला लागतो. खेळाडूच्या घरच्यांवर घसरलेला प्रतिसाद आम्ही ताबडतोब काढतो. यावर चर्चा नाही.

कबड्डीच्या किंवा स्थानिक क्रिकेटच्या मित्रांनी विचारलंय की आपणही करावं का. तुमच्याकडे जुनी, लिहू इच्छिणारी माणसं असतील तर नक्की करा. ती नसतील तर आधी ती शोधा. सॉफ्टवेअर लावायला एक दिवस पुरतो. फोटो बाहेरच्या साइटवर ठेवू नका, जोडपत्र म्हणून स्वतःच्याच सर्व्हरवर चढवा, आकार कमी करून. डोमेनचा पासवर्ड आणि नूतनीकरणाची तारीख निदान तिघांकडे असू द्या. डेटाबेसची प्रत दर महिन्याला उतरवून दोन वेगळ्या घरांत ठेवा. आणि ज्या काकांना टाइप करायला जमत नाही त्यांच्या शेजारी फोन घेऊन बसा, ते सांगतील तसं लिहून घ्या. आमच्याकडे या महिन्यात एअर इंडियाच्या फुटबॉल संघाचे सामने पाहिलेल्या दोघांचं असं लिहून घेणं चालू आहे.