तीन पडदे की एकच?

नाशिकला कॉलेज रोडच्या खोलीवर माझा अभ्यास असा चालायचा: लॅपटॉपवर लेक्चर, हातात व्हॉट्सअ‍ॅप, कोपऱ्यात क्रिकेट. वाटायचं, सगळं जमतंय. खरं तर मेंदू नुसत्या उड्या मारत असतो आणि प्रत्येक उडीला धागा तुटतो. २००९ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांना आढळलं, की एकाच वेळी बरीच माध्यमं वापरणारे नको ते बाजूला सारण्यात कमी पडतात, कामं बदलण्यातही! (निदान त्याचा तरी सराव व्हायला हवा होता.)

याउलट, १८४० पासूनचं आपलं सार्वजनिक वाचनालय. मोबाइल बॅगेत, समोर एकच पुस्तक. सुरुवातीला हात सारखा बॅगेकडे जातो. पण तिथल्या तासाभरात जे उरकतं, ते खोलीवर अख्ख्या संध्याकाळीही उरकत नसे. भांडी घासताना मात्र गाणी हवीतच.