ट्यूबलेस पंक्चर किट: यवतेश्वर घाटातील परीक्षा

साताऱ्यात पोवई नाक्यावर अडीचशे रुपयांना घेतलेले हे किट माझ्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या डिकीत सहज मावते. मागच्या चाकातच हब मोटर असल्याने ते रस्त्यात खोलणे जिकिरीचे असते; त्यामुळे कासहून परतताना यवतेश्वर घाटात खिळा रुतला, तेव्हा चाक न काढता, घरच्या पकडीने तो उपसून, चिकट रबरी पट्टी सुईने भोकात दाबता आली, हे फार मोलाचे वाटले. गळती थुंकी लावूनच तपासली. साबणाचे पाणी घाटात कुठले! मात्र भोक खरवडण्याच्या कानशीची प्लास्टिकची मूठ पहिल्याच जोराला तडकली, हे अक्षम्य आहे. किटमध्ये पंप नसल्याने हवा भरण्यासाठी स्वतःच्या बॅटरीवर चालणारा छोटा पंप वेगळा बाळगावा लागतो.